सिनियरचा पट्टा

नायलॉनच्या नव्या दोराचा वास आला की मला पुण्यातल्या आमच्या सैनिकी शाळेमागचा कडा आठवतो. तिथे उस्ताद, म्हणजे आमचे लष्करी प्रशिक्षक, आम्हाला दोरावरून उतरायला शिकवत. उतरण्याआधी जोडीदाराने उतरणाऱ्याच्या कमरेचा, दोर अडकवलेला पट्टा ओढून तपासायचा आणि "ओके" ओरडायचं, असा नियम होता. एके दिवशी माझ्या जोडीला दहावीतला सिनियर आला. आम्ही सातवीतली मुलं सिनियरच्या अंगाला हात लावत नसू. मी लांबूनच पाहिलं आणि ओरडलो, "ओके!" तो दरीकडे पाठ करून मागे झुकणार, तेवढ्यात उस्तादांनी त्याचा पट्टा एका बोटाने ओढला. बकल सुटलं आणि पट्टा त्यांच्या हातात आला. खाली नुसते दगड होते. "हात लावून पाहिलंस का रे?" उस्तादांनी मला विचारलं. "सिनियर आहेत ते," मी कसाबसा म्हणालो. सिनियर पांढराफटक पडला होता. त्याने पट्टा पुन्हा बांधला आणि दोन्ही हात वर करून तो माझ्यापुढे उभा राहिला. "आता हात लाव. जोरात ओढ," तो म्हणाला. मी बकल धरून पट्टा ओढला. त्याला वर्षं झाली; आज मी कॉलेजात शिकतोय, घरातला पहिलाच. पण माझ्याकडे वळूनही न पाहता, केवळ माझ्या शब्दावर तो मागे झुकणार होता, हे मला अजून सहन होत नाही.