खरवईला जाणाऱ्या भिंती

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला कोणी वेगळं सांगायला नको. भाजीवाल्याच्या तराजूखाली वाकून बघणारी बाई मी. नवरा म्हणतो, "उमा, तू देवाचीही झडती घेशील." घेईन! धंद्यात डोळे मिटून चालत नाही.

उल्हासनगर कॅम्प चारला टेकचंदशेठचं मॉडेलचं वर्कशॉप होतं. बिल्डर लोक साइट ऑफिसात काचेखाली बिल्डिंगची छोटी प्रतिकृती मांडतात ना, ती आम्ही बनवायचो. शेठ दिवसभर ऑर्डरींमागे फिरायचे आणि वर्कशॉप माझ्या ताब्यात. खाली जीन्स शिवायचा कारखाना, वर आम्ही. दोन हजार सहा-सातची गोष्ट. बदलापुरात रोज नवी बिल्डिंग उठत होती आणि एका बिल्डरच्या गेटची डिझाइन दुसऱ्याच्या गेटवर आधी दिसायची. म्हणून नकाशे मी कपाटात कुलूप लावून ठेवायचे.

रंगकाम आधी बाहेर एका स्प्रेवाल्याकडे जायचं. भारनियमन सुरू झालं आणि त्याचा कंप्रेसर निम्मा दिवस बंद पडायला लागला. तेव्हा शेठनी बबनरावांना आणलं. पन्नाशीचा सडपातळ माणूस, टेरिकॉटच्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. अंबरनाथ स्टेशनपासून बदलापूरच्या बाजारापर्यंत 'बबन पेंटर' म्हटलं की लोक ओळखायचे. मग फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत त्यांच्या पाट्या उतरल्या.

त्यांची अट एकच. मॉडेलच्या भिंती सुट्या द्यायच्या, रंग ते घरी, बदलापूरजवळ खरवईला देणार.

"इथे का नाही?" मी विचारलं.

"इथली हवा बरोबर नाही मॅडम."

"जन्म गेला माझा या हवेत, मला काय धाड भरलीय?"

त्यांनी पत्र्याच्या डब्यात भिंती घातल्या आणि गेले. तिसऱ्या दिवशी आणल्या, तर काय सांगू! ब्रशची एक रेघ नाही, कुठे थेंब नाही, कडेला रंग साचलेला नाही. मी खिडकीशी नेऊन तिरक्या धरून पाहिल्या. कौतुक वाटायचं सोडून माझ्या मनात पाल चुकचुकली. हाताने असं होतच नाही. हा माणूस जनरेटरवाल्या कुणाकडून तरी गुपचूप स्प्रे मारून आणतोय. आणि त्या कुणाला आमची बिल्डिंग आधीच बघायला मिळतेय.

एकदा सहज म्हटलं, "येऊ का तुमच्या घरी बघायला?"

"काम चालू असताना दार उघडत नाही मॅडम."

झालं! चोराच्या मनात चांदणं, असं मी तेव्हा शेठना बोलूनही दाखवलं.

पुढच्या दसऱ्याला एका मोठ्या बिल्डरचं बुकिंग उघडणार होतं. त्या मॉडेलच्या भिंती न्यायला बबनराव डबा घेऊन आले. मी डबा काढून घेतला. म्हटलं, "आज इथे. आमच्यासमोर."

"मॅडम, इथे बिघडेल."

"बिघडू दे. हात तरी बघू."

त्यांनी पंखा बंद केला. मी लावला, मला उकडत होतं. पाच कारागीर काम सोडून उभे राहिले. बबनरावांनी खिशातून ब्रश काढला आणि दर्शनी भिंतीला क्रीम रंग दिला. वाळल्यावर बघते तर खरखर, सगळीकडे बारीक ठिपके. माझी खात्रीच पटली.

"ब्रशसुद्धा धुता येत नाही? आणि म्हणे जन्मभर पाट्या रंगवल्या! दुसऱ्याचं काम आपलं म्हणून खपवणं ही चोरी असते, कळलं का?"

बबनरावांनी ब्रश पुसला. "बरं," एवढंच म्हणाले आणि जिना उतरून गेले.

दसरा तोंडावर. म्हटलं, त्यात काय मोठं, मीच देते रंग. भिंत घासली, नवा ब्रश आणला, चांगला धुतला, एक हात मारला. पुन्हा ठिपके! चष्मा लावून पाहिलं. ठिपके कसले, बारीक निळं तूस होतं. वर पाहिलं तर जिन्यातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात तेच निळं तूस तरंगत होतं. खालच्या जीन्सचं. अकरा वर्षं रोज संध्याकाळी मी ते केसांतून झटकत होते. अकरा वर्षं! आणि त्या माणसाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हवा बरोबर नाही. मला माझीच इतकी लाज वाटली की ब्रश हातात धरवेना.

भिंत परत घासली, सगळ्या भिंती डब्यात घातल्या आणि खरवई गाठली. दार त्यांच्या बायकोने, मायाताईंनी उघडलं. त्यांना सगळं माहीत असावं. त्या म्हणाल्या, "आधी पाय धुवा. आणि ही सुती साडी आत नाही चालायची. ही माझी नायलॉनची नेसा."

मी मुकाट नेसले. एरवी ऐकलं असतं का मी?

खोलीत फरशीवर पाणी शिंपडलेलं, खिडकी बंद, पंखा नाहीच. बबनरावांनी मला कोपऱ्यात बसवलं. "आता अर्धा तास हलू नका. तुमच्याबरोबर आलेली धूळ बसू दे." मग रंग पातळ केला, चहाच्या गाळणीतून गाळला. सगळ्या भिंतींना पहिला हात उभा, पाण्यासारखा विरळ. रंगाखालची भिंत दिसत होती. "एका हातात झाकायला गेलं की रेघा येतात," म्हणाले. त्यावर टब पालथा घातला. तो वाळल्यावर दुसरा हात आडवा, मग तिसरा उभा. ओल्या रंगावरून ब्रश परत एकदाही फिरला नाही. दिवेलागणीला त्यांनी टब उचलला, भिंतींवर एक रेघ नाही की ठिपका नाही, आणि मला रडू आलं.

"चुकले मी बबनराव. सोमवारी या, पाचही जणांसमोर माफी मागते."

"नको मॅडम. या भिंती न्या, दसरा अडायला नको. पुढचं काम मी नाही करणार." जरा थांबून म्हणाले, "तिथे कोणी विचारलं, तर माझं नाव सांगा. तेवढंच."

"शपथेवर सांगते," मी म्हटलं.

दसऱ्याला साइट ऑफिसात पन्नासेक माणसं होती. पेढे वाटून झाल्यावर बिल्डर मॉडेलपाशी आला, काचेवर वाकला आणि म्हणाला, "वा मॅडम! स्प्रे कोणाकडून मारून घेतला?"

"स्प्रे नाही. हाताचं काम आहे. बबन पेंटर, खरवई."

तो हसला. "ब्रशने असं होतं का कधी? खरं सांगा."

"अहो, मी समोर बसून पाहिलंय!"

"राहू दे, राहू दे. धंद्याचं गुपित असेल तर नका सांगू."

मी आवाज चढवून पुन्हा नाव सांगितलं, पत्ता सांगितला. आजूबाजूचेही हसायला लागले. शेठनी माझा दंड धरून मला बाजूला घेतलं, "उमाबेन, बस करो अभी." मी आणखी एकदा ओरडून सांगितलं, बबन पेंटर. कोणीही लिहून घेतलं नाही.