पाठीमागची खुर्ची

आर्डिस न्यूगार्ड डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. आधी ती बियाण्यांच्या पाकिटांवर चित्रं काढायची. मग आमच्या दवाखान्यात आली आणि वीस वर्षं तिने एकच काम केलं: उपचार निवडायची कार्डं बनवली. मूत्रपिंडं निकामी होत आलेल्या माणसापुढे डॉक्टर तिची दोन कार्डं ठेवत. दोन्हींवर एकेक आठवडा काढलेला. एकात डायलिसिसच्या तीन सकाळी राखाडी रंगवलेल्या, पण आयुष्य बहुधा थोडं लांब. दुसऱ्यात फक्त औषधं. सातही दिवस मोकळे, पण असे आठवडे कमी. मग रोग्याने आणि डॉक्टरांनी मिळून ठरवायचं.

जे परवानगी देत, त्यांच्या भेटीचं आम्ही चित्रीकरण करायचो. ते बघून बघून आर्डिसच्या लक्षात आलं, की आमच्याकडची माणसं कार्डाला हात घालण्याआधी बायकोच्या नाहीतर नवऱ्याच्या तोंडाकडे बघतात. आमच्या मिनेसोटातला माणूस 'मला हे हवं' असं म्हणेल तर शपथ! ताटातली शेवटची वडीसुद्धा अर्धी कापून मागे ठेवेल. म्हणून तिने नियम केला: सोबतच्या माणसाची खुर्ची रोग्याच्या पाठीमागे. जमिनीवर निळी चिकटपट्टी लावून तिने जागाच आखून टाकली. आम्ही नर्स तिची यथेच्छ टिंगल करायचो.

तिचा नवरा ऑर्व्हिल शाळेची बस चालवायचा. निवृत्त झाल्यावर हिवाळाभर गोठलेल्या तळ्यावर झोपडी टाकून, बर्फाला भोक पाडून मासे धरायचा, एवढाच काय तो शौक. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्याच्या मूत्रपिंडांनी हात टेकले.

तो आला त्या सकाळी खोली मीच लावली होती. आर्डिस अंगातला कोट न काढता पाठीमागच्या खुर्चीत बसली. मला राहवेना.

"अगं, आज तरी पुढे बस. नवरा आहे तुझा."

"नियम आहे, बेव."

"चुलीत घाल तुझा नियम. ऊठ बघू."

ती उठली. मी खुर्ची ओढून त्याच्या समोर लावली आणि बाहेर पडले. जाता जाता ऑर्व्हिलचं बोलणं कानावर आलं, "डॉक्टर, वीस वर्षं ही लोकांना पत्ते वाटतेय. आज माझ्यावर डाव आला."

त्याने डायलिसिस घेतलं.

पुढे चौदा महिने सोमवार, बुधवार, शुक्रवार तो यंत्राला जोडलेला असायचा. उरलेले दिवस झोपून जायचे. तळ्यावर एकदाही गेला नाही. कसा आहेस विचारलं तर म्हणायचा, "चाललंय. याहून वाईट असतं तर काय केलं असतं?" मार्चमध्ये, तळ्यावरचा बर्फ वितळायच्या आत, तो गेला.

तीन आठवड्यांनी आर्डिस कामावर आली आणि तिने त्या सकाळचं चित्रीकरण मागितलं. मी नको नको म्हटलं. तिने मलाच शेजारी बसवून घेतलं.

पडद्यावर ऑर्व्हिलचा हात सरळ दुसऱ्या कार्डाकडे गेला, मोकळ्या आठवड्याकडे. दोन बोटं त्यावर टेकलीही. मग त्याने मान वर केली. समोर आर्डिस रडत होती. त्याने बोटं उचलली आणि डायलिसिसचं कार्ड पुढे सरकवलं. "तुमची हरकत नसेल तर हेच बरं," तो डॉक्टरांना म्हणाला.

माझा बांध फुटला. "खुर्ची मी हलवली गं. माझ्यामुळे झालं हे."

"खुर्ची तू हलवलीस. तोंड माझं होतं," ती म्हणाली. "आणि तो हात मी त्याच दिवशी पाहिला होता, बेव. तसे हात ओळखणं हेच तर माझं काम. तरी गप्प बसले. मला तो हवा होता."

मला आजही त्या खुर्चीची लाज वाटते.

प्रत्येक चित्रीकरणानंतर भरायचा तिचा एक कागद असे. तो तिने काढला आणि नेहमीसारखा वरून खाली भरत आली. शेवटचा प्रश्न: निर्णय कोणाचा? पुढे तीन चौकोन छापलेले, रोग्याचा, डॉक्टरांचा, दोघांचा. तिने एकातही खूण केली नाही. कडेच्या कोऱ्या जागेत, बियाण्यांच्या पाकिटांवर लिहायची तशा सुबक अक्षरांत तिने लिहिलं, 'बायकोचा'.