ओव्याची धुरी

माझ्या डाव्या भुवईवर एक खूण आहे. मुलगी आता केजीत जाते, ती त्यावर बोट ठेवून विचारते, "मम्मा, हू डिड धिस?" मी दरवेळी सांगते, पडले होते. पडले नव्हते. आमच्या मजल्यावरच्या आजीने मला काठीने मारलं होतं. मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती आणि त्या दिवशी ती मरता मरता राहिली. मला नीट लिहिता येत नाही, नववीत शाळा सुटली, पण एकदा लिहून टाकते.

सत्त्याण्णव साली आम्ही शारजाला, अल मजाज भागात राहायचो, एका फ्लॅटमधे दोन फॅमिली. नवरा दुबईत वेअरहाऊसला, पहाटे निघायचा, जॅममधून अंधार पडल्यावर परत. मजल्यावर एक गोरा इंजिनियर होता, त्याची आई पंचाहत्तरची. दिवसा तिच्याजवळ बसायला कुणी बाई बघ, असं त्याने वॉचमन चाचाला सांगितलेलं. चाचा पठाण, मला बेटी म्हणायचा, त्याने मला विचारलं. मी म्हटलं बाळाला घेऊन येईन, गोरा म्हणाला आण. फक्त दारात उभं राहून एवढं म्हणाला, "माय मदर, व्हॉट शी इज, व्हेअर शी वॉज, यू टेल नोबडी." मला तर माहीतच नव्हतं, मी सांगणार काय?

आजीचं इंग्लिश माझ्यासारखंच तुटकं, म्हणून जमलं आमचं. मी तिला आजी म्हणायचे, ती मला गर्ल. उशीखाली पावाचे तुकडे ठेवायची, अगदी दगड झालेले, ते फेकले की अंगावर यायची. आणि हातावर, कोपराखाली, निळे आकडे. माझ्या मावशीच्या हातावर गोंदण आहे, मला तसंच वाटलं. म्हटलं, "आजी, तुमच्या गावात पण गोंदतात? पण नाव नाही, नुसता नंबर?"

ती हसली, इतकी हसली की ठसका लागला. "येस गर्ल. व्हेरी बिग व्हिलेज. एव्हरीबडी गॉट नंबर."

मग थोडं थोडं सांगायला लागली, मी भांडी घासायचे आणि ती स्टुलावर बसून बोलायची. ती ज्यू होती, आणि अरबांच्या मुलखात ते कळलं तर भानगड, म्हणून मुलाची ती ताकीद. लढाईत नाझी जर्मन लोकांनी त्यांच्या गावातले सगळे ज्यू मालगाडीत कोंबले आणि कॅम्पात नेले. पहाटे मोजणीला उभं करायचे, बर्फात, एका पातळ झग्यावर, तीन-तीन तास, आकडा जुळला नाही की परत पहिल्यापासून. शेजारची बाई उभ्या उभ्या मेली तर दोघींनी तिला काखेत धरून उभीच ठेवायची, कारण ती पडली तर कुत्रे सोडतील. एका पोरीने बटाट्याचं साल उचललं, तर पहाऱ्यावरच्या बाईने तिला आडवी पाडून मानेवर फावड्याचा दांडा ठेवला आणि दांड्यावर दोन पाय देऊन उभी राहिली. सगळ्यांनी बघायचं. मान वळवली तर पुढची तू. आजीचे पुढचे दोन दात नव्हते, ते सूप वाढायच्या लोखंडी डावाने फोडले होते, तिने वाटी परत पुढे केली म्हणून. "नो क्राय," ती म्हणायची, "यू क्राय, दे लाइक." झोपायला फळ्या, एकेका फळीवर सहा जणी. मारझोड करून पहाऱ्यावरची बाई गेली की वरच्या फळीवरून आजीची बहीण चमच्याने टक, टक करायची. म्हणजे गेली ती, श्वास घे. आजीने खालून एकच टक करायचं. म्हणजे मी आहे.

आणि चिमणी सांगायची. मोठी चिमणी, सतत धूर, गोड वास. मला वाटलं कारखाना असेल. विचारलं नाही मी. तिथेच चुकलं माझं.

मुलीला एसीने सर्दी झाली, छाती नुसती घरघर. आई फोनवर म्हणाली, धुरी दे गं, औषधं कसली पाजतेस. पण फ्लॅटमधे धुरी केली की दुसऱ्या फॅमिलीतली वहिनी ओरडायची, "अलार्म वाजेल, यल्ला, लवकर बंद कर ते!" म्हणून त्या दिवशी आजीला झोप लागलेली बघून मी तिच्याच किचनमधे केली. इकडचे लोक बखूर, म्हणजे धूप, जाळतात त्या भांड्यात गोल कोळसा पेटवला, वर ओवा, वावडिंग, लसणीची सालं. मुलीला अंघोळ घातली, पुसली, आणि उघडीच धुरावर धरली, आधी पोट, मग पाठ, आपल्याकडे धरतात तशी. ती रडत होती. धुरीला रडतातच मुलं.

मागे वळले तर आजी दारात. तिचा चेहरा तिचा नव्हताच. काठी आली ती सरळ भुवईवर, डोळ्यात रक्त गेलं, मला दिसेना. तिने मुलीला पाय धरून ओढली. मी हात धरला. ती खेचतेय, मी खेचतेय, मुलगी किंचाळतेय, तिचा खांदा निखळेल म्हणून मी सोडला. मी, आई, मीच सोडला हात. आजीने लाथेने कोळसा उडवला, तो माझ्या पायावर पडला, आणि ती मुलीला घेऊन बाथरूममधे शिरली आणि आतून कडी.

आत मुलगी रडत होती. मग आवाज दबला, उशीखालून यावा तसा. मग बंद.

मी दार बडवलं, "आजी! बेबी! ओपन!" आतून काही नाही. बाहेर जाऊन ओरडले, चाचा लोखंडी सळई घेऊन धावत आला. "हट जा बेटी, तोड़ देता हूँ." त्याने एक घाव घातला. आत काहीतरी धप्पकन खाली गेलं, सरपटल्यासारखं. दुसरा घाव, आणि मला एकदम कळलं. तिला वाटतंय ते आलेत. आम्ही जितकं जोरात मारू तितकं ती पोरीचं तोंड जोरात दाबेल. मी चाचाच्या हाताला लटकले, त्याने झटकलं, तर मी त्याच्या मनगटाला चावले.

"पागल हो गई क्या? बच्ची अंदर है!"

"मारो मत, चाचा, वो दबा देगी, मारो मत!"

किचनमधून चमचा आणला आणि दाराशी फरशीवर बसले. टक, टक. घाईत तीन-चार झाले. थांबले, चमचा दोन्ही हातांनी धरला, परत केलं. टक, टक. काही नाही. चाचा मागे काहीतरी पुटपुटत होता. मला वाटलं संपलं, गेली माझी पोर. तिसऱ्यांदा केलं.

आतून एक टक आला. अंगठी फरशीवर आपटल्यासारखा. मग कडी निघाली.

बेसिनच्या खाली बसली होती, मुलगी तिच्या गाऊनच्या आत, तोंडात टॉवेलचं टोक. ओठ निळे. मी टॉवेल ओढला, पोरीला उलटी केली, पाठीत मारलं, परत मारलं, आणि ती खोकली आणि रडली. इतका छान आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

मग मी आजीला मारलं. थोबाडीत, दोनदा. ती रडली नाही. तोंड घट्ट मिटून माझ्याकडे बघत राहिली, आणि तिसऱ्यांदा माझा हात वरच राहिला.

चाचा पाणी आणायला गेला तेव्हा तिने सांगितलं. मालगाडीतून उतरली तेव्हा ती बावीस वर्षांची होती, कडेवर सहा महिन्यांचा मुलगा. पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घातलेला एक कैदीच आला, त्याने तिच्या हातातून बाळ हिसकलं आणि तिच्या आईच्या हातात कोंबलं. तिने त्याचा हात हाडापर्यंत चावला. त्याला माहीत होतं, ज्या बाईच्या हातात मूल ती बाई मुलाबरोबर चिमणीत जाते, तिथे माणसं मारून जाळायचे. तिची आई गेली, बाळ गेलं, ती उरली. "ही सेव्ह मी," आजी म्हणाली. "आय नेव्हर फर्गिव्ह."

क्लिनिकमधे चार टाके घातले, तिथे मी पहिल्यांदा सांगितलं, पडले. घरी नवऱ्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, "खलास! परत पाय ठेवायचा नाही तिथे. पोलिसात द्यायला पाहिजे म्हातारीला!" मी त्याच्या पाया पडले, नको म्हटलं, विचारतील ती कोण, कुठली. शेवटी त्याने पोलिसांचा विषय सोडला.

आठवड्याने गोरा तिला परत तिच्या देशात न्यायला निघाला. बॅगा लिफ्टपाशी होत्या. मी मुलीला घेऊन दारात उभी राहिले. मला खरंच वाटत होतं, एकदा द्यावी तिच्या हातात, जाणाऱ्या माणसाच्या हातात देतातच बाळ. पण माझे हात सुटेनात. पुढे झाले आणि तिथेच थिजले, मुलगी छातीशी.

आजीला दिसलं ते. तिने हात पुढे केलेच नाहीत. "गुड," म्हणाली. "होल्ड, गर्ल. होल्ड."

लिफ्ट आली. आत जाऊन तिने बोटातल्या अंगठीने लिफ्टच्या पत्र्यावर वाजवलं, टक, टक. मला परत एक वाजवायचं होतं. पण माझे दोन्ही हात मुलीभोवती होते, आणि दार बंद झालं.