हात दाखवणारी गाडी

नायगावच्या बीडीडी चाळींच्या मागे, कुंपणाच्या भिंतीला टेकवलेल्या चार पत्र्यांखाली कुशाबा मिस्त्रीचे दुकान होते. दुकानाला पाटी नव्हती आणि दारही नव्हते. ज्याची गाडी अडते त्याला पत्ता बरोबर सापडतो, असे कुशाबा म्हणे, आणि ते खोटे नव्हते. परळ-लालबागच्या निम्म्या जुन्या गाड्या त्याच्या हाताखालून गेल्या होत्या.

मोटारीचे काम मात्र तो उशिरा शिकला. साताऱ्याकडच्या गावाहून मुंबईस आला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. परळच्या एका गिरणीत साचेखात्यात तो तेलवाला म्हणून लागला. साचा म्हणजे कापड विणायचा माग. तो चालवायला कुशाबाला कधी मिळाला नाही. कापडाचा आडवा धागा ज्या धोट्यातून जातो त्याच्या भोकातून तो विणकराला तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि कुशाबाच्या जातीच्या माणसाने ओठ लावलेला धोटा दुसरा कोणी तोंडाला लावणार नव्हता. साच्याच्या पोटात हात घालायला मात्र कोणाची ना नव्हती. तेव्हा सोळा वर्षे त्याने पोटच पाहिले.

साचे जोडीने असतात, एक डावा आणि एक उजवा. विणकर मधल्या गल्लीत उभा राहून दोन्हीकडे बघतो, म्हणून एकाची चालू-बंद करायची मूठ या अंगाला असते तर दुसऱ्याची त्या अंगाला. डाव्या साच्याचा सुटा भाग उजव्याला लावू गेले तर तो बसतो, पण उलटे काम करतो. कुशाबाच्या अंगात हे डावे-उजवे इतके मुरले होते की तो डोळे मिटून, नुसत्या बोटांनी चाचपून भाग कुठल्या साच्याचा ते सांगत असे.

लढाईच्या काळात माझगावला गोदीजवळ लष्करी मोटारींचा कारखाना निघाला. तिथे माणसे हवी होती आणि कोणाची जात विचारायला साहेबाला फुरसत नव्हती. कुशाबा तिकडे गेला तो पुन्हा गिरणीत आला नाही. छप्पन सालच्या दसऱ्याला तो बायको शांताला घेऊन नागपूरला जाऊन आला, आणि आल्यावर दुकानाच्या खांबावरचे लिंबू-मिरची त्याने काढून टाकले. गिऱ्हाइके पुन्हा बांधत. तो पुन्हा काढी. यावरून त्याने कधी कोणाशी वाद घातला नाही.

अठ्ठावन्न सालच्या होळीनंतर चारच दिवसांनी बुधाजीने आपली गाडी त्याच्या पत्र्यांपुढे आणून उभी केली.

बुधाजी मूळचा मालवणकडचा, राहायला करी रोडला. त्याची गाडी म्हणजे अर्ध्या टनाची छोटी उघडी पिकअप. लढाई संपल्यावर अमेरिकन पलटणीने ती मागे टाकली, आणि लिलावातून चार मालक फिरत फिरत ती बुधाजीकडे आली. रोज सकाळी भायखळ्याच्या बाजारातून भाजी उचलायची आणि लालबाग-परळच्या खानावळींना पोचवायची, हा त्याचा धंदा. इंजिन दणकट होते. खोड एकच होती. गाडी अमेरिकेची असल्यामुळे तिचे स्टेरिंगचे चाक डावीकडे होते. उजवीकडे वळायचे झाले की हात बाहेर काढायला ड्रायव्हरच्या बाजूला खिडकी होती ती फुटपाथकडची. मागच्याला काही दिसायचे नाही. म्हणून उजव्या सीटवर दुसरे माणूस बसवून त्याच्याकडून हात दाखवावा लागे.

सुरुवातीला बुधाजीचा भाऊ बसायचा. तो गावी शेती बघायला गेला तेव्हा बायको कमळाबाई म्हणाली की, दुसरा माणूस मिळेपर्यंत मी बसते. तिला गिरणीच्या वाइंडिंग खात्यातून नुकतेच कमी केले होते. दुसरा माणूस काही बुधाजीने शोधला नाही. सहा वर्षे झाली.

या सहा वर्षांत कमळाबाईचा हात सगळ्या रस्त्याला माहीत झाला होता. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, आणि ताठ बाहेर आला की पोलीसही समजायचा की भाजीची गाडी वळणार. चाळीतले लोक चेष्टा करत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असे एकजण म्हणाला, तर दुसऱ्याने त्यावर सांगितले की बुधाजी नुसता चाक फिरवतो, गाडी वहिनीच चालवतात. बुधाजी हसत असे. कमळाबाई हसत नसे, कारण तिच्या मते त्यात चेष्टा काहीच नव्हती.

मग होळीच्या आदल्या दिवशी लालबागला ते झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला निघालेल्या मोर्चामुळे रस्ता अर्धा बंद होता, ट्राम अडली होती, आणि उरलेल्या जागेतून एक लॉरी घुसली ती कमळाबाईच्या हाताला घासून गेली. बांगड्यांचा चुरा झाला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलली आणि परळच्या इस्पितळात सात टाके पडले. हाड वाचले.

बुधाजीने कुशाबाला एवढेच सांगितले की चाक डावीकडून उजवीकडे घ्यायचे आहे. का, म्हणून विचारले तर म्हणाला, पासिंगला कटकट करतात. कुशाबाने बाकी काही विचारले नाही. त्याला हाताच्या टाक्यांची बातमी आधीच कळली होती. बुधाजीने जाता जाता बजावले की कमळाबाई आली तर तिलाही पासिंगचेच सांगायचे.

काम मोठे, पण कुशाबाला डाव्या हाताचा मळ वाटले. चाकाचा दांडा काढला, स्टेरिंगची पेटी सोडवली, पेडल उतरवले. पुढच्या पत्र्याला उजवीकडे नवे भोक पाडले आणि डावीकडचे जुने भोक ठिगळ मारून बुजवले. कुर्ल्याच्या भंगारातून एक लांब दांडा शोधून आणला आणि स्वतः तापवून, ठोकून सरळ केला. पाचव्या दिवशी दुपारी तो गाडीखाली आडवा पडून पेटीचे बोल्ट कसत होता, तेव्हा त्याला गाडीशेजारी दोन पाय दिसले. कमळाबाई आली होती. हात गळ्यात बांधलेला होता.

शांताने चाळीतून चहा आणला. कमळाबाई एका रिकाम्या खोक्यावर बसली, कपबशी मांडीवर ठेवून डाव्या हाताने चहा प्यायली आणि उघड्या पडलेल्या गाडीकडे बघत राहिली. कुशाबाने ठरल्याप्रमाणे पासिंगचे सांगितले. तिने ते ऐकून घेतले आणि बाजूला ठेवले.

"चाक उजवीकडे गेलां," ती म्हणाली, "मगे मी खंय बसू?"

कुशाबा म्हणाला, डावीकडे सीट आहेच की, बसा.

"बसान करू काय? मेथीच्या जुडयेसारख्या?"

ती उठली, पदर सारखा केला आणि हळूच म्हणाली, "गिरणीत नवी मशिनां इली, तेव्हाय सायब असोच म्हणालो होतो, मिस्त्री. बाई, आता तुझे हात मोकळे झाले."

ती गेल्यावर कुशाबा पुन्हा गाडीखाली शिरला. बोल्ट कसले, दांडा जोडला, पण मन तिथे नव्हते. सोळा वर्षे साच्याखाली काढलेल्या माणसाने त्या दुपारी एक चूक केली, जी साचेखात्यातला तेलवाला पहिल्या वर्षीही करत नाही.

दुसऱ्या दिवशी चाचणी होती. बुधाजी आला, आणि कोणी बोलावले नसताना कमळाबाईही आली. चाळीच्या कठड्यांवर माणसे जमली. कुशाबा स्वतः उजवीकडे चाकामागे बसला, गाडी चालू केली आणि पटांगणातून रस्त्याकडे न्यायला चाक उजवीकडे फिरवले. गाडी डावीकडे गेली. त्याने घाबरून चाक आणखी उजवीकडे ओढले, तशी ती आणखी डावीकडे वळली आणि नळाजवळच्या रिकाम्या पिंपांना धडकून थांबली. समोरच्या भिंतीवर चुन्याने लिहिलेले 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' हातभर अंतरावर होते.

वरून कोणीतरी ओरडले, "मिस्त्री, निघालात संयुक्त महाराष्ट्राला नि पोचलात द्विभाषिकात."

सगळी चाळ हसली. कुशाबा उतरला, खाली वाकला आणि काय झाले ते त्याला एका नजरेत कळले. पेटी त्याने डावीकडून उचलून जशीच्या तशी उजवीकडे बसवली होती. ती उलथी करून बसवायला हवी होती. डाव्या साच्याचा भाग उजव्याला. त्याचे कान लाल झाले.

कमळाबाई मात्र खुशीत होती. गाडीच्याच मनात नाही, असे ती शांताला म्हणाली, आणि आता होते तसे परत लावा म्हणून कुशाबाला सांगायला लागली. तेवढ्यात बुधाजी, जो सहसा आवाज चढवत नसे, मधेच उसळला.

"परत लावू नको, कुशाबा. तिचो हात भायर गेलो काय माझो जीव भायर जाता. रोज धा येळा. सा वरसां मी बोललंय नाय. त्या दिवशी लॉरी गेली नि माका वाटला, आता हात रस्त्यार दिसतलो." त्याने टोपी काढली आणि झटकली, जणू तिच्यावर धूळ बसली होती.

कमळाबाई नवऱ्याकडे बघत राहिली. तिला वाटले होते की चाळीच्या चेष्टेला कंटाळून हा आपल्याला घरी बसवतो आहे. मग तिच्या मनात दुसरा हिशेब जुळला असावा, कारण तिचे डोळे बारीक झाले.

"आणि चाक उजवीकडे गेल्यार कोणाचो हात भायर जातलो?"

बुधाजीने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

"तुमचोच मां? तो काय लोखंडाचो आसा?"

शेवटी कमळाबाईनेच निकाल दिला. चाक उजवीकडे जायचे असेल तर जाऊ दे, पण उजव्या खिडकीला जाळी बसवायची, म्हणजे कोणाचाच हात बाहेर जाणार नाही. बुधाजीने विचारले की मग वळताना दाखवायचे काय, डोके? ती म्हणाली, ते मिस्त्रींनी बघायचे. आणि दोघे वेगवेगळ्या बाजूंनी निघून गेले. करी रोडला एकाच खोलीत राहत होते तरी.

पेटी उलथी करून बसवायला कुशाबाला एक दिवस लागला. पुढचे तीन दिवस तो काय करत होता ते त्याने शांतालाही सांगितले नाही. शांताला एवढे दिसले की त्याने घरातला रॉकेलचा रिकामा डबा नेला आणि सायकलच्या ब्रेकची तार विकत आणली. एकदा त्याने तिला हात लांब करून उभे राहायला सांगितले, आणि तिच्या हाताचा आकार खडूने पत्र्यावर काढून घेतला. तिने विचारले, हे मोटारीचे काम आहे का? तो म्हणाला, अर्धे.

आठवड्याने बुधाजी आणि कमळाबाई गाडी न्यायला आली. उजव्या खिडकीला जाळी होती. जाळीच्या बाहेर, दरवाजाला बिजागरीवर एक पत्र्याचा हात लटकत होता, पाच बोटांचा, पांढऱ्या रंगाचा. तार ओढली की तो आडवा ताठ उभा राही, सोडली की खाली पडे. तार पुढच्या पत्र्याच्या आतून गेली होती आणि एका लाकडी मुठीच्या दांडीला बांधली होती.

बुधाजी चाकामागे बसला. चाक फिरवून बघितले, गाडी पटांगणात दोनदा वळवली. जिकडे फिरवले तिकडे ती गेली. तो फार खूश झाला. मग त्याने हाताची दांडी शोधली. उजवीकडे नव्हती. चाकाखाली नव्हती. ती पार डाव्या सीटपुढे होती, आणि चाकामागे बसून कितीही हात लांबवला तरी पोचत नव्हती.

"कुशाबा, दांडी चुकीच्या बाजूक बसवलंस."

कुशाबा चिंधीला हात पुसत होता. "उजवीकडे जागा नव्हती," तो म्हणाला.

बुधाजीने चाकाच्या आजूबाजूला बघितले. तिथे एक काय, चार दांड्या बसल्या असत्या. "ही काय जागा. एवढी जागा आसा."

"ती पेडलची आहे."

"पेडल खाली आसत, रे."

"बुधाजी, माझं काम मला माहीत आहे का तुला?"

डाव्याचे उजवे करताना सगळ्या चाळीसमोर पिंपांवर जाऊन आदळलेल्या मिस्त्रीने हे विचारावे, यावर बोलण्यासारखे पुष्कळ होते. पण बुधाजीने एकदा दांडीकडे बघितले, एकदा कुशाबाकडे, आणि मग पलीकडे वाकून आतून डावा दरवाजा उघडला.

"बस गे," तो म्हणाला.

कमळाबाई चढली. टाके निघाले होते, बांगड्या अजून भरल्या नव्हत्या. तिने मूठ धरली, ओढली. बाहेर पत्र्याचा हात टणकन उभा राहिला. तिने सोडली, पुन्हा ओढली. चाळीतल्या बायका कठड्यावरून बघत होत्या. गाडी पटांगणाच्या तोंडाशी पोचली तेव्हा बुधाजीने अजून वेगही कमी केला नव्हता, आणि पांढरा हात बाहेर आलेला होता.

तिसऱ्या दिवशी, भाजी पोचवून झाल्यावर, दोघे पुन्हा पत्र्यांपुढे हजर. बुधाजी खाली उतरलाच नाही. मी नको म्हणत होतो, असे त्याने चाकामागूनच सांगितले. कमळाबाई उतरून थेट कुशाबासमोर आली.

"मिस्त्री, ह्यो हात मुको आसा."

कुशाबाला कळेना. वळताना उठतो ना, त्याने विचारले.

उठतो, पण एवढेच येते त्याला, अशी तिची तक्रार होती. काल परळ नाक्यावर ट्राम मागे खोळंबून राहिली. हात नुसता आडवा उभा. ट्रामवाल्याला वाटले हे वळणार, आणि आम्ही तर त्याला वाट देत होतो. "थांब म्हणूक येता. 'जा रे बाबा फुडे' म्हणूक येणा नाय. ह्येका मनगट नाय."

बुधाजी गाडीतून म्हणाला की मनगट झाले की ही अंगठी मागेल, मिस्त्री, सांभाळ.

कुशाबाने पत्र्याचा हात वर उचलून बघितला. मनगटापाशी कापून दुसरी बिजागरी घालता आली असती. दुसरी तार लागेल, आणि मुठीला एक खटका. जमण्यासारखे होते. त्याने खडू उचलला, गुडघ्यावर एक पत्रा घेतला आणि खोक्यावर बसला.

"कसं म्हणता तुम्ही ते, 'जा पुढे'? दाखवा."

कमळाबाईने हात लांब केला. लाल वण अजून ताजा होता. तिने कोपर स्थिर ठेवून मनगट सैल सोडले आणि बोटे दोनदा पुढे लोटली, दारात आलेल्या शेजारच्या पोराला आत जा म्हणावे तशी.

"पुन्हा," कुशाबा म्हणाला. "सावकाश."