महालक्ष्म्यांच्या कोपऱ्यातली बाळंतीण

लोहाऱ्याच्या आमच्या घरी बोअरचं पाणी इतकं जड, की तुरीची डाळ सात शिट्ट्यांनीही शिजत नाही. आफ्रिकेतल्या तळ्यातल्या सिक्लिड माशांना मात्र तेच मानवतं. माझ्या हाताखालचं कोणीतरी खूश आहे, या आनंदात मी बैठकीच्या कोपऱ्यात त्यांची काचपेटी मांडली. कोपरा महालक्ष्म्यांचा, म्हणजे भाद्रपदातल्या गौरींचा. त्यांच्याआधी रिकामा करीन, असा शब्द थोरल्या जाऊबाईंना दिला होता.

या माशांची मादी अंडी तोंडात धरते. तीन आठवडे काही खात नाही. घाबरली तर सगळं गिळून टाकते. आधी दोनदा मीच टॉर्च घेऊन इतकी डोकावले, की तिनं गिळलं. या खेपेला तिनं अंडी धरली तेव्हा मी शहाणी झाले होते, आणि बाराव्या दिवशी उमरखेडहून थोरल्या जाऊबाई आल्या.

"काय वं, पेटी अजून इथंच?"

"ताई, हालवता येत नाही. तोंडात पिल्लं आहेत तिच्या."

"मासोळीपाई महालक्ष्म्या काय गच्चीवर बसवू?"

बावीस वर्षांत जाऊबाईंपुढे मी 'नाही' म्हटलं होतं ते फक्त आणखी पोळी हवी का, या प्रश्नाला.

"महालक्ष्म्या माहेरपणाला येतात ना? त्याइच्यापाई बाळंतीण घराबाहेर काढली, तर त्याइलेच कसं वाटन?"

"तोंड लय चालून राह्यलं तुझं!"

"तिचं बंद आहे, म्हून माझं चालून राह्यलं."

नवरा पेपरात शिरला. मी पेटीला पाठ लावून पाटावर बसले आणि पुरणाची डाळ तिथंच निवडायला घेतली. गुडघे बोंबलत होते, पण उठले असते तर जाऊबाईंनी पेटी उपसायला घेतली असती. शेवटी त्यांनीच समोरच्या भिंतीवरचा टीव्ही काढायला लावला. तेव्हा मात्र नवरा बोलला. त्याचं कोणी ऐकलं नाही. महालक्ष्म्या तिथं बसल्या, छानच दिसल्या. हळदीकुंकवाच्या बायकांना मी पेटीजवळ फिरकू दिलं नाही. मागं "काहून, नजर लागते का मासोळीले?" अशी कुजबुज झाली. होऊ दे.

विसर्जनानंतर सहाव्या सकाळी तिनं तोंड उघडलं. चौदा पिल्लं निघाली, नखाएवढी. मी ओल्या हातानंच उमरखेडला फोन लावला.

"जगले का सगळे?" जाऊबाईंनी विचारलं.

"सगळे."

"बरं झालं. पुढच्या वर्षी कोपरा मोकळा पाह्यजे पण."

"तवा कोणाच्या तोंडात काय असन, ताई, आत्ताच कसं सांगू?"