गिरजाआक्का आणि जपानी फूल

गिरजाआक्काच्या डोक्यावर कुंडी ठेवली, झाडासकट, आणि तिला बंगल्याच्या फाटकापासून बाजाराच्या चौकापर्यंत चालवलं. जेठाचं ऊन होतं. पायात काही नव्हतं. पुढे बागेचा दारोगा. तो दहा पावलांवर थांबून लोकांना सांगायचा, "हिनं साहेबांचं निळं झाड विकलं आणि हे गुलाबी आणून ठेवलं." कुंडीच्या भोकातून गढूळ पाणी तिच्या कपाळावरून नाकावर येत होतं. दोन्ही हात कुंडीला, त्यामुळे पुसता येत नव्हतं. लोक हसत होते. मी दहा वर्षांची होते आणि मागून चालत होते.

निजामाचं राज्य असतानाची ही जालन्यातली गोष्ट. साहेब म्हणजे सरकारी बांधकामाचा मोठा अंमलदार. माझी आई त्याच्या घरी स्वयंपाकाला होती. गिरजाआक्का रंगाऱ्याची विधवा. गिरणीचं कापड आलं, नवरा गेला, घरातले रंगाचे रांजण कोरडे पडले, तेव्हा ती बंगल्यावर झाडांना पाणी घालायला लागली. बोटांचा तांबूसपणा मात्र मरेपर्यंत गेला नाही. कुणी कुणाबद्दल बरं किंवा वाईट बोललं की ती म्हणायची, "कापड वाळल्याबिगर रंग सांगू न्हाई." नवीन सुनेचं कौतुक चाललेलं असो की नव्या दारोग्याचं, हेच. बायकांना राग यायचा. आई म्हणायची, "आक्का, तुमच्या कापडाला कधी ऊन लागतं का न्हाई?" आक्का म्हणायची, "लागतंय की. तुम्हीच आत घेऊन पळता."

ते झाड बाईसाहेबांनी निलगिरीच्या डोंगरातून आणलं होतं, लाकडी खोक्यात, तिथल्याच मातीसकट. हायड्रेंजिया नाव. पाहुणे आले की बाईसाहेब त्यांना उत्तरेच्या ओसरीत वाळ्याच्या पडद्यामागे नेऊन तो निळा गेंद दाखवायच्या. मूळ जपानचं. तिथल्या एका राजानं आपल्या माणसांना दुखवलं आणि हे फूल देऊन माफी मागितली, म्हणून हे माफीचं फूल, असं सांगायच्या. विलायतेत मात्र बढाईखोर माणसाला हे पाठवतात, कारण डौल मोठा आणि बी नावापुरतं. पाहुणे हसायचे.

एकदा आक्का मधेच बोलली. "बाईसाहेब, ह्या पाकळ्या न्हाईत. शिरा बघा. रंगवलेली पानंच हायेत ही. खरं फूल मधी हाय, मोहरीएवढं." बाईसाहेबांना ते आवडलं नाही. पाण्याच्या बाईनं झाडाकडे इतकं बघायचं कशाला?

खोकं कुजलं तेव्हा दारोग्यानंच नवी कुंडी मागवली आणि शेतातली काळी माती आणवली. आक्कानं झाड उचललं तेव्हा आईनं फांद्या धरल्या होत्या, मी कुंडी, दारोगा शेजारी उभा. म्हणजे झाड तेच, हे चौघांना माहीत होतं. पुढच्या जेठात फूल आलं ते गुलाबी. बाईसाहेबांनी जेवण सोडलं. दारोगा घाबरला, आणि घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याचं नाव फार जल्दी सुचतं.

अख्ख्या जालन्यात असं दुसरं झाड नव्हतं. मग हे गुलाबी तिनं आणलं कुठून, हे एकानंही विचारलं नाही. शिकलेले होते सगळे. साहेबाकडे तर पुस्तकांनी भरलेलं कपाट होतं. हळदीला चुना लागला की लाल होते, हे चौकात हसणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. माझ्या आईलाही. आई त्या दिवशी ओसरीत उभी राहिली आणि बोलली नाही. मला म्हणाली, "तोंड उघडू नको, आपल्याला इथंच खायचंय." मी उघडलं नाही. वय दहा होतं, हे कारण मी देत नाही. कुंडी मीच धरली होती.

साहेबानं फर्मावलं, पुढच्या बहारापर्यंत निळं झाड परत आलं नाही तर चौकीत देऊ. आक्का संध्याकाळी आमच्या दारात आली. आईनं पाणी दिलं, पण वर बघितलं नाही. आक्का म्हणाली, "तुझ्यावर राग न्हाई गं. पण मला चोर म्हनले ते पुसून काढल्याबिगर म्या इथून जाणार न्हाई."

मग ती कामाला लागली. रंगाऱ्याची बाई होती. "आमच्याकडं रंगाच्या मुळीचा काढा एकच," ती मला सांगायची. "तुरटीतलं कापड लाल निघायचं, हिराकशीतलं काळं. काढा तोच. ह्या मातीत चुना हाय, हिरीच्या पाण्यातबी हाय. झाडाचा काय गुन्हा?" तिनं लिंबू पिळून बघितलं, ताक घालून बघितलं. शेवटी नवऱ्याच्या गाठोड्यातली तुरटी काढली, कुटून पाण्यात विरघळवली आणि ती थोडी थोडी वर्षभर घातली. जास्त झाली की पानांच्या कडा जळायच्या, मग चार दिवस नुसतं पाणी. "रंगाला घाई चालत न्हाई," म्हणायची.

जेठात फूल निळं आलं. आक्कानं सगळ्यांना बोलावलं. आता मी लिहिते ते नीट वाचा, कारण इतक्या वर्षांनीही माझं डोकं इथंच फिरतं. बाईसाहेबांनी टाळी वाजवली आणि म्हणाल्या, "आलं बाई माझं झाड परत." आणि दारोगा म्हणाला, "बघा साहेब, दम दिला तसा चोरानं माल आणून टाकला." तिच्या वर्षभराच्या मेहनतीलाच त्यांनी चोरीची कबुली ठरवलं. आक्का तुरटीचा खडा हातावर घेऊन सांगत होती. साहेब म्हणाला, "ठीक आहे, माफ केलं."

तिला माफ केलं.

मला वाटलं आता ती जाईल. ती गेली नाही. तिनं मोठं लाकडी पिंप मिळवलं, मधोमध पत्रा उभा रोवला, झाडाची मुळं दोन्हीकडे वाटली. या वेळी फांद्या धरायला आई आपणहून आली. एका बाजूला तुरटीचं पाणी, दुसऱ्या बाजूला विहिरीचं. मी विचारलं, "आक्का, ह्यानं बी न्हाई ऐकलं तर?" ती म्हणाली, "मंग ऐकायचंच न्हाई त्यांना, हे तरी कळंल."

पुढच्या जेठात एका बुंध्यावर अर्धे गेंद निळे आले, अर्धे गुलाबी. मधल्या एका फांदीवर दोन्हींच्या मधला, जांभळट. आक्कानं पुन्हा सगळ्यांना उभं केलं. आवाज चढवला नाही. म्हणाली, "आता सांगा दारोगासाहेब, ह्यातलं कोणचं अर्धं म्या विकून आले?"

दारोगा खाली बघू लागला. साहेब मोठ्यानं हसला. "वा, बिलकुल जादूगार आहे ही बाई." बाईसाहेबांनी आतून नवं लुगडं आणून तिच्यापुढे धरलं.

"लुगडं नको," आक्का म्हणाली. "चौकापर्यंत चालवलं होतं. चौकापर्यंत चला आणि सांगा, गिरजा चोर न्हाई."

"झालं गेलं, आता कशाला उकरतेस?" बाईसाहेब म्हणाल्या.

त्यांच्या मागेच माफीचं फूल होतं. दोन्ही रंगांत. पाहुण्यांना जपानच्या राजाची गोष्ट सांगणाऱ्या या बाईला फाटकाबाहेर चारशे पावलं चालवली नाहीत. आक्कानं लुगडं घेतलं, झाडावर पांघरूण घालावं तसं घातलं आणि गाठोडं उचललं. जाताना मला म्हणाली, "वाळलं बघ कापड."

ती शहागडला भावाकडे गेली. पुढं माझं लग्न झालं, मुलं झाली, आणि एकदा गोदावरीच्या घाटावर ती धुणं धुताना दिसली. पाठीत वाकलेली, बोटं तशीच तांबूस. मी पाया पडले आणि म्हणाले, "आक्का, कुंडी म्या धरली होती. तवा बोलायला पाहिजे होतं."

"पाहिजेच होतं," ती म्हणाली, आणि पिळा माझ्या हातात दिला. दुसरं टोक तिनं धरलं. पिळून झाल्यावर तिनं विचारलं, "झाड हाय का?"

झाड ती गेल्यानंतरच्या पहिल्याच वैशाखात वाळलं होतं. दारोग्यानं त्याला तुरटी मुठीनं घातली होती. निजामाचं राज्य गेलं तेव्हा साहेब कुटुंब घेऊन निघून गेला. पिंप आमच्या आईनं पाण्याला घेतलं.

गिरजाआक्का नव्वदीपर्यंत जगली.