लाल सावलीवरचा स्क्रूड्रायव्हर

लढाई सुरू झाली तेव्हा माझं पोस्टिंग हवाई दलाच्या एका ट्रेनिंग स्टेशनवर होतं. मी कॉर्पोरल, एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचा मेकॅनिक. आघाडी दूर होती, पण तिकडे पायलट कमी पडत होते, म्हणून आमच्याकडची उड्डाणं दुप्पट झाली. पहाटे साडेचारला ड्यूटी, सहाला पहिलं विमान वर.

आमची टूल्स एका बोर्डवर टांगलेली असत. प्रत्येकाच्या मागे त्याच आकाराची लाल सावली रंगवलेली. काम संपलं की बोर्ड बघायचा. लाल दिसलं तर टूल विमानात राहिलं. ते सापडेपर्यंत विमान जागचं हलवायचं नाही, हा नियम.

फ्लाइंग ऑफिसर विनय मेश्राम नागपूरजवळच्या कुहीचा, मी नागपूरचा. चारचौघांत मी त्याला 'सर' म्हणायचो. आसपास कोणी नसलं की तो विचारायचा, "का गा भाऊ, घरचं पत्र आलं का?" ज्या दिवसाचं सांगतोय, त्या दिवशीची सॉर्टी, म्हणजे उड्डाण, त्याच्या ट्रेनिंगमधली शेवटची. मग आघाडी.

त्या सकाळी मी कॉकपिट तपासून उतरलो आणि बोर्डवर लाल दिसलं. छोटा स्क्रूड्रायव्हर. दहा मिनिटं शोधला. नीट शोधायचं तर सीट काढावी लागणार, म्हणजे दोन तास.

"काहून थांबवून राहिले, भाऊ?" विनयने विचारलं. "आज उडालो नाही तं बॅच मले सोडून जाईन."

मी माझ्या पेटीतला, घरून आणलेला स्क्रूड्रायव्हर काढला आणि त्या लाल सावलीवर टांगला. टूल्स पूर्ण असल्याच्या फॉर्मवर सही केली. "झालं, सर," म्हणालो, तेही मोठा उपकार केल्याच्या थाटात.

सहा दहाला टेक-ऑफ. मागच्या सीटवर इन्स्ट्रक्टर, स्क्वाड्रन लीडर कुरियन. सहा बत्तीसला रेडिओवर विनयचा आवाज आला.

"स्टिक जॅम्ड." विमान वळवायचा दांडा अडकला होता.

"आय हॅव कंट्रोल," कुरियन सर म्हणाले. थोड्या वेळाने उडी मारायचा हुकूम, "बेल आउट. बेल आउट."

मग नुसती खरखर. धावपट्टीपलीकडच्या तुरीच्या शेतातून धूर वर आला. पॅराशूट एकही दिसलं नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला एकच प्रश्न आला, टूल्सच्या मोजणीचा.

"टूल टॅली?"

"कम्प्लीट, सर."

सगळं जळून गेलं होतं. स्टिक कशाने अडकली ते कळू शकलं नाही, असा रिपोर्ट झाला. मी सुटलो. पेन्शनीपर्यंत नोकरी केली, शाबासक्याही घेतल्या. मी भ्यालो होतो. याला दुसरं गोंडस नाव नाही.

विनयची थोरली बहीण, सुमनताई, नागपूरच्या नंदनवन भागात माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते. त्याच्या स्मृतिदिनाला दरवर्षी नातलगांबरोबर मलाही बोलावते. मी फोटोला हार घालायचो, चहा प्यायचो आणि गुमान परत यायचो. यंदा हार बाजूला ठेवला आणि बाकीचे गेल्यावर तिला सगळं सांगितलं.

 ती म्हणाली, "इतके वर्षं माह्या घरचा चहा कसा उतरला गा तुमच्या घशाखाली?"

 ती आत गेली आणि एक जुनं पत्र आणून माझ्या हातात दिलं.

"वाचा. मोठ्यानं वाचा."

विनयचं अक्षर. 'ताई, इथं आपल्याकडचा एक फिटर भाऊ आहे. त्यानं पाहिलेलं विमान असलं की मले भेव नाही वाटत.'

मी उभ्यानेच वाचलं. 

"पुढच्या वर्षी या," ती म्हणाली. "हार नका आणू. हेच सांगा, सगळ्यायसमोर."

पंच्याहत्तरी उलटली. पुढच्या वर्षाचा भरवसा नाही, म्हणून आजच लिहिलं.

फ्लाइंग ऑफिसर विनय मेश्राम, वय चोवीस. स्क्वाड्रन लीडर कुरियन, वय छत्तीस. टॅली कम्प्लीट नव्हती, सर.